हत्यारं कुणाच्या नावावर?



वस्तीत शिवणाचे वर्ग भरवता भरवता दहा वर्षं गेली. यंदा मी स्वतःच सुतारकामाच्या वर्गाला नाव घातलं. पहिल्या दिवशी रंधा ढकलून खांदे भरून आले. फळी होती तशीच. ‘बाईच्या अंगात ताकदच कमी’ हे माझ्याही मनात आलंच की! मिस्त्रींनी रंध्याचं पातं काढलं, धारेच्या दगडावर घासलं, पुन्हा बसवताना केसभरच बाहेर ठेवलं. “ताई, लाकडाच्या रेषा बघा. उलट मारलंत की ते उचकटणारच.” फळी फिरवली आणि पातळ, सलग ढलपी सुटली. अडलं होतं ते धारेपाशी. ती लावायला आम्हाला शिकवलं कुणी?

2023 साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत सुतारकाम आहे. अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आहे. पण नवरा, बायको आणि अविवाहित मुलं मिळून लाभ एकालाच. घासकाम-पॉलिश बाईनं केलं तरी ‘सुतार’ म्हणून नाव कुणाचं लागणार? एका घरात दोन कारागीर असू शकतात, हे नियमात यायला हवं. फॉर्म भरून देणाऱ्या कार्यकर्त्या आपणच असतो, निदान “हे काम घरात कोण कोण करतं?” एवढं तरी विचारू या.

माझा पाट अजून डुगडुगतो.