विश्लेषण : ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणजे नेमके काय? पनवेलकरांनी ओळखावेत असे सरकारी शब्द

फुटलेली जलवाहिनी, तुंबलेले गटार किंवा अडलेली बांधकाम परवानगी घेऊन पनवेलकर सरकारी कार्यालयात गेला, की त्याला बरेचदा एकच उत्तर मिळते : ‘हे आमच्याकडे येत नाही.’ हे उत्तर अनेकदा खरे असते आणि अडचण तिथेच सुरू होते. सरकारी कामकाजाचे नेहमीचे शब्द समजले तर निम्मी पायपीट वाचते. उरलेली निम्मी वाचवणे मात्र नागरिकाच्या हातात नाही. ती प्रशासनाची जबाबदारी आहे.

पनवेलमध्ये कारभारी किती?

पनवेलची नगरपालिका 1852 सालची, म्हणजे देशातील जुन्या नगरपालिकांपैकी एक. 1 ऑक्टोबर 2016 रोजी तिची महानगरपालिका झाली. जुन्या शहराबरोबर खारघर, कळंबोली, कामोठे, नवीन पनवेल हे सिडकोने वसवलेले नोड आणि 29 गावे तिच्यात आली. मात्र 1970 मध्ये स्थापन झालेल्या सिडकोचे काम संपले नाही. नोडमधील भूखंड भाडेपट्ट्याने देणारी संस्था तीच. तळोजा औद्योगिक वसाहतीत एमआयडीसी आहे. विचुंबे, नेरे, आकुर्ली, सुकापूर ही गावे शहराला चिकटलेली असली तरी तिथे ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषद आहे, आणि बांधकाम परवानगीसाठी ‘नैना’. पाण्याच्या बाबतीत तर देहरंग धरण, महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, एमआयडीसी आणि सिडकोचे हेटवणे असे वेगवेगळे स्रोत आहेत आणि त्यांचे मालकही वेगवेगळे.

‘नियोजन प्राधिकरण’ म्हणजे कोण?

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 नुसार कोणत्या जमिनीवर काय बांधायचे, हे ठरवणारी संस्था म्हणजे नियोजन प्राधिकरण. शहरात हे काम साधारणपणे महापालिका करते. एखाद्या क्षेत्रासाठी सरकार दुसरी संस्था नेमते, तेव्हा ती ‘विशेष नियोजन प्राधिकरण’ होते. विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ क्षेत्रासाठी जानेवारी 2013 मध्ये सिडकोला हा दर्जा मिळाला. म्हणून गावातला रस्ता झाडणारी संस्था एक आणि त्याच रस्त्यावरच्या घराचा नकाशा मंजूर करणारी दुसरी, असे चित्र दिसते. हा गोंधळ वाटला तरी कायद्याला धरूनच आहे.

‘हस्तांतरण’ एवढे महत्त्वाचे का?

रस्ते, गटारे, उद्याने, पाणी या सेवा एका संस्थेने दुसरीच्या ताब्यात देणे म्हणजे हस्तांतरण. महापालिका एका दिवसात स्थापन झाली, पण सिडकोकडील सेवा टप्प्याटप्प्याने आल्या. महापालिकेने मालमत्ता कराची मागणी ऑक्टोबर 2016 पासूनची केली. मधल्या काळात सेवा सिडको देत होती आणि रहिवासी तिला सेवाशुल्क भरत होते. ‘एकाच सेवेसाठी दोनदा पैसे का?’ हा सिडको वसाहतींमधील रहिवाशांचा सवाल उच्च न्यायालयापर्यंत गेला. ‘हस्तांतरण प्रक्रिया सुरू आहे’ या एका कोरड्या वाक्याची किंमत हजारो घरांच्या बिलात दिसली.

आयुक्त, प्रशासक, सक्षम प्राधिकारी : फरक काय?

महापालिकेत धोरण आणि अर्थसंकल्प नगरसेवकांचे सभागृह ठरवते, तर अंमलबजावणीचे अधिकार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे असतात. सभागृहाची मुदत संपून निवडणूक झाली नसेल, तर सभागृहाचे अधिकारही ‘प्रशासक’ म्हणून अधिकाऱ्याकडेच जातात. पनवेलच्या पहिल्या सभागृहाची मुदत जुलै 2022 मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ असाच कारभार चालला. त्या काळात ‘नगरसेवकाला सांगू’ हा मार्गच बंद होता. ‘सक्षम प्राधिकारी’ म्हणजे त्या विशिष्ट निर्णयावर सही करण्याचा कायदेशीर अधिकार ज्याला आहे तो अधिकारी. तो साहेबांपैकी सर्वात मोठाच असेल असे नाही.

‘आवक क्रमांक’ आणि ‘उचित कार्यवाहीसाठी’

अर्ज कार्यालयात नोंदला गेल्याचा पुरावा म्हणजे आवक क्रमांक. पोच घेतली नाही, तर कागदोपत्री अर्ज आलाच नाही असे ठरू शकते. त्या अर्जावर जी फाइल तयार होते ती ‘नस्ती’. ‘उचित कार्यवाहीसाठी अग्रेषित’ असा शेरा म्हणजे काम झाले असे नव्हे, तर कागद पुढच्या टेबलावर गेला, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी कोणाकडे, कोणत्या तारखेला आणि कोणत्या जावक क्रमांकाने पाठवला, हे विचारून घ्यावे.

मुदत कशाला आहे, कशाला नाही?

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा हक्क आहे. नकार द्यायचा तर कारण लेखी द्यावे लागते. सबळ कारणाविना कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. त्याविरुद्ध दोन अपिले आणि त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोग असा मार्ग आहे. ‘दप्तर दिरंगाई कायदा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 2005 च्या अधिनियमानुसार शासकीय कर्मचाऱ्याकडे नस्ती साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक पडून राहू नये.

म्हणजे दाखल्याला मुदत आहे, नस्तीलाही आहे. पण दोन हद्दींच्या मध्ये फुटलेल्या जलवाहिनीची तक्रार नेमकी कोणाची, हे ठरवायला मुदत नाही.

मग दोष अधिकाऱ्यांचा का?

सरसकट तसे म्हणता येत नाही. समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी शंभर वर्षांपूर्वी नोकरशाहीची जी लक्षणे सांगितली, त्यात नियमांनी आखलेले अधिकारक्षेत्र हे ठळक लक्षण होते. हद्द आखलेली असते म्हणून अधिकारी मनमानी करू शकत नाही. हद्दीबाहेर खर्च केला, तर लेखापरीक्षणात आक्षेप त्याच्यावरच येतो. त्यामुळे ‘हे आमचे नाही’ असे म्हणण्याची त्याला मुभा हवी. पण ‘मग ते कोणाचे, हे तुम्हीच शोधा’ असे म्हणण्याची मुभा नको.

उपाय आहे का?

आहे, आणि तो आपल्याच कायद्यात लिहिलेला आहे. माहितीचा अधिकार अधिनियम 2005 च्या कलम 6(3) नुसार चुकीच्या कार्यालयात आलेला अर्ज पाच दिवसांच्या आत योग्य कार्यालयाकडे पाठवून अर्जदाराला तसे कळवावे लागते. माहिती मागणाऱ्याला मिळणारी ही सवलत पाणी मागणाऱ्याला का नसावी? न्यूयॉर्कने 2003 मध्ये 311 हा एकच क्रमांक सुरू केला. खाते कोणते, याची चिंता तिथे तक्रारदाराने करायची नसते.

पनवेलमध्ये महापालिका, सिडको, एमआयडीसी आणि जिल्हा परिषद यांची एक सामाईक तक्रार नोंदवही असावी. कोणत्याही कार्यालयात दिलेल्या तक्रारीला एकच क्रमांक मिळावा आणि पाच दिवसांत ती योग्य टेबलावर पोहोचवण्याची जबाबदारी पहिल्या कार्यालयाची असावी. हद्दीचा वाद कार्यालयांनी आपसात मिटवावा. तोवर पनवेलकराने दोन गोष्टी सोडू नयेत : अर्जाची पोच आणि ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर लेखी देण्याचा आग्रह. तोंडी नकाराविरुद्ध अपील करायचे तर हातात काहीच नसते.