उंचीचे माप आणि श्रमाचे मोल

अमेरिकेतील शिकागो शहरात दरवर्षी मे महिन्यात काही डझन तरुण खेळाडूंच्या देहाचे मोजमाप घेतले जाते. अनवाणी उंची, पसरलेल्या बाहूंची लांबी, हात उंचावून गाठलेला पल्ला, वजन, उडी, धाव हे सारे नोंदले जाते. डॉक्टर सांधे तपासतात, संघांचे अधिकारी मुलाखती घेतात. मग जूनमध्ये 'नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन' या व्यावसायिक लीगचा 'ड्राफ्ट' होतो. लीगचे तीस संघ ठरलेल्या क्रमाने एकेका तरुणावर हक्क सांगतात. ज्या संघाने नाव पुकारले, त्याच्याशीच त्या तरुणाने करार करावयाचा. दुसरा संघ अधिक देण्यास तयार असला तरी त्याचा उपयोग नाही. १९४७ साली सुरू झालेली ही प्रथा आता जगभर एखाद्या उत्सवासारखी पाहिली जाते. या उत्सवामागचे अर्थशास्त्र श्रमिकांच्या चळवळीने समजून घेण्याजोगे आहे.

पहिला प्रश्न असा की, हे मूल्यमापन कितपत खरे ठरते? २००७ साली केव्हिन ड्युरँट या तरुणाला चाचणीत ८४ किलोंचे वजन छातीवरून एकदाही उचलता आले नाही. त्या वर्षी पहिला मान धिप्पाड ग्रेग ओडनला मिळाला आणि ड्युरँट दुसरा आला. ओडनच्या गुडघ्यांनी दगा दिला. त्याच्या वाट्याला लीगचे अवघे १०५ सामने आले. ड्युरँट २०१४ साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०१३ साली पहिल्या क्रमांकावर निवडलेला अँथनी बेनेट चार वर्षांत लीगमधून बाहेर पडला. त्याच वर्षी पंधराव्या क्रमांकावर यानिस अँटेटोकुम्पो होता. हा नायजेरियातून ग्रीसमध्ये गेलेल्या निर्वासितवत कुटुंबाचा मुलगा. अथेन्सच्या रस्त्यांवर किरकोळ वस्तू विकून घराला हातभार लावणाऱ्या या मुलाला, जन्म तेथेच होऊनही, ग्रीसचे नागरिकत्व मिळाले ते ड्राफ्टच्या जेमतेम महिना-दीड महिना आधी. २०१९ व २०२० अशी लागोपाठ दोन वर्षे तो सर्वोत्तम खेळाडू ठरला.

यावरून पारखी मूर्ख होते असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे होईल. त्यांची मापे चुकीची नसतात, अपुरी असतात. गुणवत्ता ही हाडांत साठवून ठेवलेली वस्तू नव्हे. पोटभर अन्न, मैदान, चांगला प्रशिक्षक आणि चुका करण्यास पुरेसा वेळ मिळाला की ती घडत जाते. पंजाबच्या बर्नाला जिल्ह्यातील बल्लो के या गावच्या सतनाम सिंगची कहाणी या दृष्टीने बोलकी आहे. सात फूट दोन इंच उंचीचा हा शेतकऱ्याचा मुलगा लुधियानाच्या अकादमीत खेळ शिकला आणि २०१० साली, चौदा वर्षांचा असताना, शिष्यवृत्तीवर फ्लोरिडातील प्रशिक्षण संस्थेत गेला. २०१५ साली डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडले. भारतात जन्मलेला आणि या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला खेळाडू. देशभर कौतुक झाले, माहितीपट निघाला. परंतु मुख्य लीगचा एकही सामना त्याला खेळावयास मिळाला नाही. दुय्यम लीगमध्ये दोन हंगाम काढल्यावर पुढे तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला. अमेरिकन मुलाला पाचव्या-सहाव्या वर्षापासून गल्लीतल्या मैदानावर जे मिळते, ते पुढच्या पाच वर्षांत भरून काढण्याची अपेक्षा त्याच्याकडून केली गेली. निकाल मात्र एकट्याच्या नावावर नोंदला गेला. ज्या समाजाने मैदाने दिली नाहीत, त्याची गुणपत्रिका कोणी काढत नाही.

दुसरा प्रश्न अधिक मूलभूत आहे. मोल ठरविण्याचा अधिकार कोणाचा? विकणाऱ्याच्या मक्तेदारीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. विकत घेणाराही मक्तेदार असू शकतो आणि श्रमाच्या बाजारात तो मजुरी दाबून ठेवतो, हे जोन रॉबिन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले. ड्राफ्ट म्हणजे तीस मालकांनी मिळून प्रत्येक नवख्यासमोर एकच गिऱ्हाईक उभे करण्याची व्यवस्था होय. मालकांचा युक्तिवाद असा की, दुबळ्या संघांना आधी निवडीची संधी दिल्याने स्पर्धेत समतोल राहतो. खेळाडूला एकाच मालकाशी बांधून ठेवल्याने गुणवत्तेची वाटणी फारशी बदलत नाही. बदलते ते एवढेच की पैसा खेळाडूऐवजी मालकाच्या खिशात जातो, असे सायमन रोटेनबर्ग यांनी बेसबॉलच्या संदर्भात १९५६ सालीच मांडले होते. समाजवादाशी सुतराम संबंध नसलेल्या परंपरेतील हा अर्थशास्त्रज्ञ होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

तरीही या खेळाडूंची स्थिती आज वेठबिगाराची नाही, आणि ती मालकांच्या औदार्यामुळे सुधारलेली नाही. १९५४ साली बॉब कूझी यांच्या पुढाकाराने खेळाडूंची युनियन स्थापन झाली. १९६४ साली बॉस्टन येथील प्रदर्शनी सामन्यापूर्वी, निवृत्तिवेतनाचे आश्वासन मिळेपर्यंत मैदानात उतरण्यास खेळाडूंनी नकार दिला आणि ते पदरात पाडून घेतले. मिसिसिपीत कापूस वेचणाऱ्या आईचा मुलगा स्पेन्सर हेवूड, शाळा संपल्यावर चार वर्षे थांबण्याच्या सक्तीविरुद्ध न्यायालयात गेला. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाचा कौल त्याच्या बाजूने पडला. ऑस्कर रॉबर्टसन यांच्या नावाने युनियनने चालविलेल्या दाव्यात १९७६ साली तडजोड झाली आणि करार संपल्यावर संघ बदलण्याचा मार्ग खुला होऊ लागला. आज लीगच्या उत्पन्नाचा सुमारे निम्मा हिस्सा सामूहिक करारान्वये खेळाडूंना मिळतो.

या युनियनलाही मर्यादा आहेत. नवख्यांचे वेतन क्रमांकानुसार बांधून टाकणारी १९९५ ची तरतूद आणि एकोणीस वर्षांची वयोमर्यादा घालणारी २००५ ची तरतूद, दोन्हींवर तिची सही आहे. जे अद्याप सभासदच नाहीत, त्यांचे हक्क देवघेवीत सोडून देणे सर्वांत सोपे असते. कायम कामगारांच्या हितासाठी कंत्राटी कामगारांना वाऱ्यावर सोडणाऱ्या येथील संघटनांनीही या आरशात डोकावून पाहावे.

भारताने या व्यवस्थेतून काय उचलले? २००८ साली मुंबईत क्रिकेटपटूंचा पहिला आयपीएल लिलाव झाला. २०१४ पासून कबड्डीपटूही लिलावात उभे राहू लागले. लिलावात बोली चढते हे खरे, पण प्रत्येक संघाच्या एकूण खर्चावर आधीच मर्यादा असते. आयपीएलच्या २०२५ च्या हंगामासाठी ती १२० कोटी रुपये होती. अमेरिकेत अशी मर्यादा युनियनशी वाटाघाट करून ठरते. येथे वाटाघाटीला समोर कोणी नाही. २०१९ साली स्थापन झालेली क्रिकेटपटूंची संघटना निवृत्तांची आहे. खेळत असलेल्यांची मान्यताप्राप्त संघटना नाही. थोडक्यात, बाजार आयात झाला. त्याला वेसण घालणारी युनियन मात्र बंदरावरच राहिली.

काही खेळाडूंना कोट्यवधी मिळतात, म्हणून हा प्रश्न कामगारांचा नव्हे, असे मानणे भ्रामक आहे. लिलावात ज्यांच्या नावावर बोलीच लागत नाही, दुखापतीनंतर ज्यांची विचारपूस होत नाही, असे तरुण बहुसंख्य आहेत, आणि कबड्डीत तर ते शेतकरी-कामगारांच्या घरांतूनच येतात. जिल्ह्याजिल्ह्यांतील कार्यकर्त्यांनी दोन मागण्या लावून धरावयास हव्यात. प्रत्येक सार्वजनिक शाळेला मैदान व प्रशिक्षक हवा, म्हणजे गुण घडतील. आणि व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेला मान्यता व दुखापतीनंतरच्या संरक्षणाची लेखी हमी हवी, म्हणजे त्या गुणांचे मोल एकट्या मालकाला ठरविता येणार नाही.