सहल ठरवताना आधी रस्ता ठरवा



दिवाळीची सुट्टी संपली की शाळेशाळेतून सहलीची चर्चा सुरू होते. कुठे जायचं, वर्गणी किती, मुलं किती, सोबत शिक्षक कोण, एसटी मिळेल का, परवानगी कधी येईल... सगळ्यावर बोलणं होतं. एका गोष्टीवर मात्र फारसं कोणी बोलत नाही, ती म्हणजे रस्ता. कोणत्या वाटेने जायचं ते बसचे चालक ठरवतात, नाहीतर मोबाइलमधला नकाशा ठरवतो. घरची सहल असली तरी तेच. माझं स्पष्ट मत आहे की सहलीचा मार्ग शिक्षकांनी आणि पालकांनी मिळून, ठिकाणाइतकाच विचार करून ठरवला पाहिजे. आणि शक्य असेल तिथे महामार्ग सोडून आपल्या डोंगरातला, गावागावांतून जाणारा रस्ता निवडला पाहिजे.

निबंधातली मोकळी जागा

सहलीहून आल्यावर आपण मुलांना 'आमची सहल' हा निबंध हमखास लिहायला देतो. ते निबंध एकदा शांतपणे वाचून बघा. "आम्ही सकाळी सहा वाजता निघालो. बसमध्ये खूप मजा केली. गाणी म्हटली. मग आम्ही पोहोचलो." निघणं आणि पोहोचणं यांच्यामध्ये चार-पाच तास असतात, पण निबंधात त्यांना दोन ओळी मिळतात. मग आपण लाल पेनाने 'निसर्गवर्णन वाढवा' असा शेरा मारतो. मूल बिचारं मार्गदर्शिकेतून 'हिरवीगार झाडी, खळखळणारे झरे' उतरवून काढतं.

आता मला सांगा, महामार्गावर मुलाने वर्णन करायचं तरी कशाचं? दुभाजक, ट्रकच्या रांगा, ढाबे, टोलनाका. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नसेल तर मूल झोपणार किंवा बसमधल्या गाण्यांवर नाचणार. यात मुलांची काही चूक नाही. बघण्यासारखी वाट आपण त्यांना दिलेली नसते.

नाशिकला जाण्याच्या दोन वाटा

उदाहरण आपल्याच भागातलं घेऊ. डहाणू-तलासरीतून नाशिक-त्र्यंबकला सहल न्यायची आहे. एक वाट म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४८ धरून चारोटी, मनोर करत खाली भिवंडीकडे जायचं आणि मग शहापूर, कसारा घाट, इगतपुरी करत नाशिक गाठायचं. रस्ता रुंद, पण वळसा मोठा. दुसरी वाट चारोटीला महामार्ग ओलांडून कासा, तलवाडा, विक्रमगड, जव्हार, मोखाडा आणि त्र्यंबकेश्वर अशी जाते. डहाणूहून हे अंतर साधारण दीडशे किलोमीटर भरतं. तलासरीकरांना साधारणपणे चारोटीपर्यंत महामार्गाने यावं लागतं, पुढची वाट एकच.

ही दुसरी वाट डोळ्यांसमोर आणा. आपण समुद्रसपाटीवरून निघतो. वाटेत गंजाड लागतं. वारली चित्रकला जगापुढे नेणारे पद्मश्री जिव्या सोमा म्हसे याच गावचे. चारोटीजवळ विवळवेढ्याचं महालक्ष्मीचं देऊळ आणि त्यामागचा सुळक्याचा डोंगर दिसतो. चैत्रातल्या यात्रेला आपल्यापैकी किती जण तिथे गेले असतील! पुढे सूर्या नदी. याच नदीवर वर धामणीचं धरण आहे. तलवाड्यात १० ऑक्टोबर १९४५ रोजी वारली शेतकऱ्यांच्या जमावावर गोळीबार झाला होता. ज्या लढ्यात तो झाला, त्याची सुरुवात त्याच वर्षी २३ मे रोजी तलासरी तालुक्यातल्या झरी गावच्या सभेने झाली. वेठबिगारीविरुद्धच्या या लढ्याबद्दल गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक लिहिलं. आपल्या वर्गातल्या कित्येक मुलांच्या पणजोबा-पणजीच्या काळातली ही गोष्ट आहे. तलवाड्याला पाच मिनिटं बस थांबवून ती सांगितली, तर इतिहासाचा तास वेगळा घ्यायला नको.

विक्रमगड सोडलं की चढण सुरू होते. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंच. इथे मुकणे राजघराण्याचं संस्थान होतं, त्यांचा जयविलास राजवाडा आजही उभा आहे. सुरतेच्या स्वारीला जाताना शिवाजी महाराज जिथे थांबले असं सांगतात, ते शिरपामाळही इथलंच. चौथीत शिवचरित्र शिकलेल्या मुलाला त्या माळावर उभं करून बघा, धडा त्याला पुन्हा वाचावासा वाटेल.

मोखाड्याच्या पुढे सह्याद्री अगदी अंगावर येतो. मुलांचे कान दडपतात, हवा गार लागते. उंचीप्रमाणे हवेचा दाब कमी होतो हे वाक्य वहीत लिहून घेण्यापेक्षा तिथे सांगणं किती सोपं! आणि त्र्यंबकेश्वरला पोहोचलं की भूगोलाचा सगळ्यात मोठा धडा समोर उभा राहतो. त्र्यंबकच्याच डोंगररांगांतून वैतरणा निघते आणि पश्चिमेला आपल्या पालघर जिल्ह्यातून अरबी समुद्राला मिळते. तिथल्याच ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते, ती मात्र पूर्वेला सुमारे १४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागरात जाते. 'जलविभाजक' हा शब्द फळ्यावर दहा वेळा समजावूनही डोक्यात बसत नाही. सकाळी समुद्रकिनाऱ्याच्या गावातून निघून दुपारी त्या डोंगराच्या माथ्याशी पोहोचलेल्या मुलाला तो लगेच कळतो. महामार्गाने गेलेल्या मुलाला त्र्यंबक दिसेल, गोदावरीही दिसेल, पण चढत चढत तिथवर आल्याचा अनुभव मिळणार नाही.

सुंदर रस्त्यावर माणसंही राहतात

इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. आपण 'निसर्गरम्य' म्हणतो त्या रस्त्याकडेला माणसं राहतात. कुडाच्या भिंतीची, शेणामातीने सारवलेली घरं फोटोत छान दिसतात. पण तेच मोखाडा-जव्हार उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करतं. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात जलाशयांपैकी मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात आहे आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबं वीटभट्टीवर, रेतीच्या, बांधकामाच्या कामावर जातात. तेव्हा सहलीच्या दिवसांत एखाद्या पाड्यावर बंद दारं दिसली, तर मुलं विचारणारच, "सर, इथली माणसं कुठे गेली?"

हा प्रश्न टाळू नका. आपल्या वर्गातही स्थलांतरित पालकांची मुलं असतात. त्यांच्यासाठी तर ही ओळखीचीच गोष्ट. उत्तर साध्या शब्दांत द्यावं, दया दाखवण्याच्या सुरात नको. बसच्या खिडकीतून कोणाच्या अंगणाचे फोटो काढू नयेत, हेही निघण्याआधीच मुलांना सांगावं.

म्हणून माझी एक सूचना आहे. वाटेतल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत दुपारचा डबा खाण्याची व्यवस्था करा. तिथल्या मुख्याध्यापकांशी आधी बोलून ठेवा. आपल्या मुलांनी डहाणूचे चिकू न्यावेत, समुद्रावर वेचलेले शिंपले न्यावेत. तिथली मुलं नाचणी, वरई, खुरासणीची ओळख करून देतील, तारपा वाजवून दाखवतील. आपल्या जिल्ह्याला एवढा लांब समुद्रकिनारा आहे, तरी समुद्र न पाहिलेली मुलं डोंगरात आहेत. तशीच घाट न पाहिलेली मुलं किनाऱ्यावर आहेत. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, आठ तालुक्यांची नावं मुलं घडाघडा म्हणतात. पण जिल्ह्यातल्या मुलांनी एकमेकांना कधी बघायचं?

"पण सर, त्या रस्त्याने..."

पालकांच्या शंका रास्त असतात, म्हणून एकेक बघू.

*घाटात मुलांना उलट्या होतात.* होतात, खरं आहे. निघताना तेलकट, भरपेट खायला देऊ नका. त्रास होणाऱ्या मुलांना पुढच्या बाजूला बसवा, मोबाइल बघू देऊ नका, तासाभराने बस थांबवा. आलेपाक आणि पिशव्या सोबत असू द्या.

*महामार्ग जास्त सुरक्षित.* रस्ता रुंद असला म्हणजे सुरक्षित असं समजू नका. टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचं ४ सप्टेंबर २०२२ रोजी अपघाती निधन झालं ते आपल्या चारोटीजवळ, याच महामार्गावर. त्यानंतर मागच्या सीटवरही पट्टा लावण्याची चर्चा देशभर झाली. वेग आणि अवजड वाहनं हा तिथला धोका. घाटात धोका वेगळा असतो, वळणं, धुकं आणि अंधार यांचा. म्हणून डोंगरातला रस्ता निवडायचा तर दिवसाउजेडीच. पावसाळ्यात नाही. घाटाची सवय असलेला चालक हवा आणि निघण्याच्या आठवडाभर आधी रस्त्याची स्थिती त्या भागातल्या शिक्षकांना फोन करून विचारायची. ती बरी नसेल तर हट्ट करू नये, मार्ग बदलावा. शालेय सहलीला एसटी भाड्यात ५० टक्के सवलत देते, आणि या घाटरस्त्यांची सवय एसटीच्या चालकांना असते.

*वेळ फार लागतो.* गणित मांडू. दीडशे किलोमीटर, ताशी सरासरी ३० चा वेग, म्हणजे पाच तास. थांबे धरून सात. सकाळी सहाला निघालं की दुपारी एकला त्र्यंबकच्या पुढे. म्हणून एका दिवसात नाशिक करून परत यायचा घाट घालूच नका. एका दिवसाची सहल असेल तर जव्हारपर्यंतच जा. दोन दिवस असतील तर नाशिक. आणि हो, हेच गणित पाचवीच्या मुलांना वर्गात सोडवायला द्या.

*मुलींच्या स्वच्छतागृहाचं काय?* हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि तो बहुतेक वेळा सोबतच्या मॅडमवर सोडला जातो. तसं करू नका. आतल्या रस्त्यावर सोयी कमी असतात. म्हणून थांबे आधी ठरवा: शाळा, बसस्थानक, ग्रामपंचायत. ही यादी तयार नसेल तर त्या रस्त्याने जाऊ नये, असं माझं मत आहे.

*आमच्या मुलांना डोंगर रोजचेच, त्यात काय बघायचं?* तलासरीतले काही पालक असं म्हणतात. पण रोजचा डोंगर आणि दुसऱ्या तालुक्यातला डोंगर यांत फरक शोधायला लावणं, हेच तर शिक्षण. आपल्याकडे भात कसा लावतात, तिथे उतारावर नाचणी का घेतात? आपल्याकडे ताड-शिंदी आहेत, तिथे वर कोणती झाडं दिसतात? रोज बघणाऱ्या मुलालाच असे प्रश्न जास्त पडतात.

लहान मुलांसाठी

पहिली-दुसरीच्या मुलांना घाटाचा हट्ट नको. त्यांच्यासाठी डहाणू ते बोर्डी हा किनाऱ्याचा रस्ता आहेच, जेमतेम १७ किलोमीटरचा. एका बाजूला सुरूची झाडं आणि समुद्र, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या. 'डहाणू घोलवड चिकू'ला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, हे मुलांना अभिमानाने सांगा. परतताना कोसबाडच्या टेकडीवरून या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला सुरू केलेलं बालशिक्षणाचं काम पुढे याच टेकडीवर बहरलं. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत, म्हणून त्यांनी कुरणावरच शाळा नेली, तीच कुरणशाळा. डी.एड.ला आपण सगळ्यांनी यावर टिपा लिहिल्या आहेत. मूल जिथे आहे तिथे शाळा, हा विचार आपल्याच तालुक्यात रुजला. मग पाच तास मूल बसमध्ये असेल, तर ते पाच तास शाळा बसमध्ये असायला काय हरकत आहे?

एवढं करा

निघण्याच्या आधी जिल्ह्याचा कागदी नकाशा वर्गात लावा आणि मुलांनाच दोन्ही मार्ग रंगवायला सांगा. प्रत्येक गटाला एक काम द्या: एक गट नद्या आणि पूल मोजेल, एक पिकं लिहील, एक गावांच्या पाट्या वाचेल, एक रस्त्याकडेचे वाघदेव शोधेल. बसमधली गाणी अर्धा तास बंद ठेवा, मग पुन्हा लावा. मुलं आहेत, त्यांना मजाही हवीच की!

पालकांनाही हेच सांगणं आहे. सुट्टीत गाडी काढाल तेव्हा मोबाइल सर्वात जलद रस्ता दाखवेल. तुम्ही मुलाला विचारा, "आपण दुसऱ्या रस्त्याने जाऊया का? तासभर जास्त लागेल." तो तास वाया जाणार नाही.

या वर्षी तुमच्या शाळेची सहल कोणत्या मार्गाने जाणार आहे? वाटेत थांबण्यासारखी जागा, मुलींच्या सोयीची शाळा, घाटातला चांगला-वाईट रस्ता यांची माहिती तुमच्याकडे असेल तर एकमेकांना जरूर कळवा. आठही तालुक्यांतल्या शिक्षकांनी एवढं केलं, तर पुढच्या वर्षी मार्ग ठरवणं सगळ्यांनाच सोपं जाईल.