वॉर्डात काय राहून जाते?

नवी मुंबईतील दिवाळे कोळीवाड्यातल्या एखाद्या घरात कुणाचा मानसिक आजार हाताबाहेर गेला आणि खासगी रुग्णालय परवडणारे नसले, तर शेवटी वाट ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची. १९०१ पासूनच्या या रुग्णालयाची अलीकडे चर्चा होते ती जागेवरून: तिथल्या जमिनीवर होणारे ठाणे-मुलुंडदरम्यानचे रेल्वे स्थानक, नव्या इमारतींचे आराखडे. मनोरुग्णांच्या वॉर्डात सिस्टरच्या हातून रोज काय राहून जाते, याची चौकशी कुणी करत नाही.

गोळी दिली की नोंद होते. ती गिळली की गालात दडवली, हे पाहायला मिनिटभर थांबावे लागते. क्लोझापीन घेणाऱ्याला ‘पोट साफ झालं का?’ हे रोज विचारावे लागते, कारण या औषधाने होणारी बद्धकोष्ठता जिवावर बेतू शकते. लिथियम चालू असताना जुलाब लागले, हातांची थरथर वाढली, तर तातडीने रक्त तपासावे लागते. गप्प झालेल्या माणसाशेजारी दहा मिनिटे बसणे ही तर इथली खरी शुश्रूषा. पाळीवर माणसे कमी पडली की सर्वांत आधी तीच सुटते.

अमेरिकी संशोधक बिएट्रिस कॅलिश यांनी २००६ मध्ये अशा सुटलेल्या कामांचा अभ्यास मांडला, तो सर्वसाधारण वॉर्डांतला. तिथे निदान नातेवाईक आरडाओरडा करतात. मनोरुग्णाची पोटदुखी मात्र भ्रमात जमा होते, आणि कित्येकांना भेटायला कुणी येतही नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सेवेतील त्रुटींबद्दल तक्रारीचा हक्क दिला. जो बोलतच नाही, त्याने तो बजावायचा कसा? रुग्ण बोलला नाही तरी दुरवस्था लपत नाही: जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने देशातील सर्व ४६ सरकारी मनोरुग्णालयांच्या दुरवस्थेबद्दल नोटिसा काढल्या, त्यात ठाणेही आले.

काम राहून गेले की सिस्टरला मेमो देणे हा प्रशासनाचा आवडता उपाय. मेमोच्या धाकाने रकाने तेवढे भरतात. त्यापेक्षा प्रत्येक पाळीअखेर ‘काय राहिले आणि का’ हे कुणाचेही नाव न घेता लिहिले जावे, अधीक्षकांनी ते वाचावे, रिक्त पदांची मागणी त्यावरच उभी करावी. तक्रारी ऐकणाऱ्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळांनीही त्या नोंदी मागवाव्यात. आणि नव्या इमारतीत खाटा किती, हे सांगणाऱ्या सरकारने रात्रपाळीला प्रत्येक वॉर्डात सिस्टर किती असतील, तेही आताच जाहीर करावे.