पियानो घ्यायचा, पण कोणता?

मुलगी पियानो शिकू लागली, की दोन-तीन वर्षांनी शिकवणाऱ्या बाईंचा निरोप येतोच : "आता छोट्या कीबोर्डवर भागायचं नाही." ट्रिनिटी किंवा एबीआरएसएमच्या तिसऱ्या-चौथ्या ग्रेडची परीक्षा जवळ आली, की हा निरोप नक्की समजावा. मग घरात बैठक बसते. सासूबाई म्हणतात, "पेटी आहे ना घरात, मग हे अजून काय बाप्पा?" यजमान म्हणतात, "घ्यायचाच तर एकदाच चांगला घेऊ." आणि चांगला डिजिटल पियानो म्हणजे लाखाच्या पुढची, बरीच पुढची गोष्ट. ठेव मोडायची की नाही, हा प्रश्न शेवटी आपल्याच पदरात पडतो. आमच्या शेजारी यंदा हेच झालं आणि त्यांच्याबरोबर मीही दुकानं हिंडले.

सासूबाईंचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही, बरं का! पेटीची पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच. तो लहान-मोठा होतो भात्याच्या हवेवर. संगीत नाटकातला ऑर्गनही तसाच, फक्त तिथे हवा पायाने भरायची. पियानोत पट्टीमागे एक हातोडी असते, ती तारेवर आदळते. बोट जितक्या वेगाने उतरेल तितका सूर मोठा. साधारण १७०० साली इटलीत क्रिस्तोफोरीने हे वाद्य घडवलं, त्याचं वैशिष्ट्य हेच : हळुवार आणि मोठा, दोन्ही सूर बोटांनीच काढता येतात. डिजिटल पियानोत तारा नसतात, पण पट्टीचं वजन आणि उतरण्याची तऱ्हा खऱ्यासारखी करावी लागते. चांगल्या पियानोचे निम्मे पैसे तिथेच जातात, असं माझं मत झालं आहे.

दुकानदार मात्र ते दाखवत नाही. तो आधी पाचशे आवाज ऐकवतो. बासरी, सतार, ढोलक, पावसाची सरसुद्धा! ऐकून घ्यावं, वाहवा म्हणावं, आणि मग आवाज शून्यावर आणायला सांगून मुलीला तिचा नेहमीचा धडा वाजवायला लावावा. आवाज गेला की पट्ट्यांची खडखड ऐकू येते आणि बोटांना खरं काय ते कळतं. डावीकडच्या पट्ट्या उजवीकडच्यांपेक्षा किंचित जड असाव्यात. एकच सूर भराभर वाजवून पाहावा, पट्टी अर्धवट वर येऊन पुन्हा बोलते का? पांढरी पट्टी अगदी आत, काळ्या पट्ट्यांच्या मधे दाबून पाहावी. स्वस्त वाद्यात तिथे ती दगडासारखी होते, कारण आतला दांडा आखूड असतो. परीक्षेच्या धड्यांत काळ्या पट्ट्या वाढल्या, की बोटांना वारंवार तिथेच जावं लागतं.

आता नावं. यामाहाची क्लॅव्हिनोवा १९८३ पासूनची. तिच्यातले 'सीएलपी' नमुने मुख्यतः पियानोसाठी, तर 'सीव्हीपी'मध्ये ताल आणि साथीची सगळी वाद्यं भरलेली. परीक्षा देणाऱ्या मुलीला त्या साथीचा काही उपयोग नाही, जास्तीचे पैसे मोजू नयेत. कवाईच्या 'सीए' मालिकेत पट्ट्या लाकडी असतात, आणि माझ्या बोटांना तरी त्याच सर्वांत सुखाच्या वाटल्या. रोलँड आपल्या वरच्या नमुन्यांत खऱ्या पियानोचं ध्वनिमुद्रण वाजवण्याऐवजी गणिताने सूर तयार करते. कॅसिओ म्हटलं की आपल्याला घड्याळ आणि कॅल्क्युलेटर आठवतो, पण तिने २०१५ मध्ये जर्मनीच्या बेखश्टाइनबरोबर मिळून लाकडी पट्ट्यांचा पियानो काढला. तेव्हा नावावरून नाक मुरडू नये. हे सारे एका छताखाली नागपुरात आम्हाला मिळाले नाहीत. शेजारचे मग विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन आले. तिथलं फुर्ताडोस १८६५ पासूनचं. तिकिटाचे पैसे वाया गेले असं त्यांना वाटलं नाही.

मुलीच्या बोटांना जो सर्वांत आवडला, तो मात्र घेतला नाही. दुरुस्तीला नागपुरात कोण येईल, याचं उत्तर विकणाऱ्याला देता आलं नाही. मुलगी दोन दिवस रुसली. पण जवळजवळ सत्तर किलोचं वाद्य मुंबईला पाठवायचं कोणी आणि कसं? दुसऱ्या पसंतीचा घेतला, त्याची कंपनी घरी माणूस पाठवते असं लेखी घेऊन.

गाणाऱ्या घरांसाठी एक सांगते. पियानोचा गांधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा चढा असतो. दोन लागोपाठच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर साधारण १४ भागांनी. तयार कानाला तो खटकतो. पेटीवरही हाच आक्षेप होता. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ मध्ये काही प्रमाणात सैल झाली. चांगल्या डिजिटल पियानोत स्वरांची ही बैठक बदलण्याची सोय बहुधा असते. दुकानात ती मुद्दाम विचारावी. पट्टी बदलण्याची कळही असतेच. तुमचा आवाज काळी चारचा असेल, तर चार घरं खाली उतरवून पांढरी एकपासून खुशाल वाजवा. मींड मात्र कुठल्याच पियानोत निघत नाही, कितीही पैसे मोजा.

उजवं पेडल अर्धं दाबल्यावर अर्धाच परिणाम होतो का, तेही पाहावं. कमी किमतीच्या काही वाद्यांत ते नुसतं चालू-बंद होतं.

घरी आणल्यावर जागा! भिंत मोजूनच निघावं, आणि लिफ्टचं दारही. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि दिवसभर कूलर चालतो. त्याचा ओला झोत थेट वाद्यावर येणार नाही अशी जागा हवी, दुपारचं ऊनही नको. वीज नीट येत नसेल तर स्टॅबिलायझर लावावा. हेडफोन लावला की घर शांत राहतं हे खरं, पण पट्ट्यांचा धपधप आवाज जमिनीतून खालच्या घरी पोचतो, म्हणून खाली जाड सतरंजी घालावी. शेजारच्या वहिनी हल्ली रात्री साडेदहाला, सगळं आवरल्यावर, हेडफोन लावून बसतात. मुलीचं पहिल्या ग्रेडचं पुस्तक काढलं आहे. सासूबाईंना अजून पत्ता नाही.

झाकायला सुती कापड पुरे, त्यावर फुलदाणी मात्र ठेवू नका. आत पाणी सांडलं, तर वॉरंटीवाले बहुधा हात वर करतात.