रखमाबाईंचा नकार
धाडस उपजतच असावं लागतं, हे मत मला मुळीच मान्य नाही. वाचकहो, रखमाबाईंचा खटला पाहा. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाई मोठ्या झाल्यावर सासरी नांदायला तयार नव्हत्या, म्हणून नवरा दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबई हायकोर्टात दावा लावला. पहिला निकाल बाईंच्या बाजूनं लागला, अपिलात फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये हुकूम सुटला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. त्यांनी कैदेची तयारी दाखवली! घरचा आधार होता म्हणून हे जमलं, असं कुणी म्हणेल. पण सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन १८८५ मध्येच वारले होते, आणि ‘केसरी’सारखं वजनदार पत्र विरोधात होतं. त्याच १८८५ मध्ये बाई ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहाविरुद्ध लिहीत होत्या, तेही टोपणनावानं. आधी नाव झाकून लिहिणं, मग भर कोर्टात नाही म्हणणं. धाडस असं पायरीपायरीनं येतं, आणि म्हणूनच ते कुणालाही कमावता येतं. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, ती काहींना हार वाटते. मला नाही वाटत. त्यानंतर त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या आणि सुरतेत वर्षानुवर्षं बायकांवर उपचार करत राहिल्या.