माळ्यावरचा रणगाडा

हेब्बाळच्या आकाशात लढाऊ विमाने नवी नाहीत. जवळच वायुदलाच्या प्रशिक्षण कमांडचे मुख्यालय, थोडे पुढे येलहंकाचा हवाई तळ आणि १९९६ पासून तिथे भरत आलेले एअरो इंडिया प्रदर्शन. प्रदर्शनाचा सराव सुरू झाला, की उड्डाणपुलावरच्या गर्दीत अडकलेली माणसेसुद्धा गाडीची काच खाली करून वर पाहतात. अशा भागात एखाद्या मुलाच्या खोलीत विमानाचे मॉडेल दिसले तर कोणाला नवल वाटणार नाही. पण ऑफिसातून आलेले बाबाच जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून रणगाड्याची चाके घासत बसले तर?

घरात पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. मुले हसतात, आजी काळजीत पडते आणि गृहिणी विचारते, ‘‘हे टेबल कधी रिकामं होणार?’’ तिन्ही प्रतिक्रिया रास्त आहेत. तरीही लहानपणी अर्धवट सुटलेला हा छंद पुष्कळ पुरुष पुन्हा हाती घेतात तो नेमका चाळिशी-पन्नाशीतच. तेव्हा त्याची थट्टा करण्याआधी हे वेड येते कुठून, ते पाहायला हवे.

आज पन्नाशीत असलेल्या मराठी माणसाचा पहिला रणगाडा बहुधा लाकडी रिळाचा असे. शिवणाच्या दोऱ्याचे रीळ संपले, की त्याच्या दोन्ही कडांना चाकूने खाचा पाडायच्या, भोकातून रबर ओवायचे, एका बाजूला मेणबत्तीची चकती, तिच्यात काडी. काडी पिळून जमिनीवर ठेवले, की तो रणगाडा उशीवरून, वह्यांवरून डुलत डुलत चढायचा. परदेशी प्लॅस्टिकचा संच ही फार पुढची गोष्ट. चैनीच्या आयात वस्तूंवर तेव्हा कडक बंधने होती. त्यातली उरलीसुरली २००१ साली उठली. त्याआधी असा खोका घरात यायचा तो आखातातल्या काकांच्या किंवा बोटीवर नोकरी करणाऱ्या मामांच्या बॅगेतून. तो जपून जपून जोडला जायचा. मग दहावी, बारावी, इंजिनिअरिंग, नोकरी, लग्न. अर्धा जोडलेला रणगाडा माळ्यावर जायचा. बदली होऊन बिऱ्हाड बंगळुरूला हलले, की खोक्यावरची चिकटपट्टी तशीच ठेवून तोही सोबत यायचा.

तो खोका आज उघडला तर आत काय सापडते? प्लॅस्टिक शाबूत असते. चिकटद्रव्याची ट्यूब मात्र दगड झालेली असते, पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हे पिवळी पडून तडकलेली असतात आणि रबरी पट्टे ठिसूळ झालेले असतात. हळहळण्याचे कारण नाही. मधल्या काळात या वस्तू फार सुधारल्या आहेत आणि घरपोच मिळू लागल्या आहेत.

या छंदात सर्वाधिक चालणारे प्रमाण आहे १:३५. हा विचित्र आकडा आला कुठून, याची गोष्ट मजेदार आहे. जपानमधल्या शिझुओका शहरातली तामिया ही कंपनी आधी लाकडाची मॉडेले बनवी. १९६० साली तिने प्लॅस्टिकचा पहिला संच काढला, यामाटो या युद्धनौकेचा. तो चालला नाही. त्यानंतर कंपनीने जर्मन पँथर रणगाडा केला आणि तो मोटरवर चालावा म्हणून पोटात बॅटऱ्या बसतील एवढा ठेवला. तो धडाक्याने खपला. पुढे इतर रणगाडे त्याच मापात काढायचे ठरले, तेव्हा हिशेब केला तर प्रमाण निघाले साधारण एकास पस्तीस! बॅटरीच्या मापावरून ठरलेला हा आकडा पुढे जगभरच्या कंपन्यांनी स्वीकारला.

या मापात सेंच्युरियन रणगाड्याचा सुमारे साडेसात मीटर लांबीचा सांगाडा जेमतेम वीतभर होतो. शेजारी उभा केलेला जवान पाच सेंटिमीटरचा. पन्नास टनांची वस्तू तळहातावर येते आणि तिच्यावरचा प्रत्येक बोल्ट, प्रत्येक साखळी दिसते.

काम कसे चालते? प्लॅस्टिकच्या चौकटीत सगळे भाग दांड्यांनी जोडलेले येतात. ते हाताने पिळून तोडायचे नाहीत, छोट्या कटरने कापायचे. उरलेला कोंब चाकूने तासायचा, मग बारीक पॉलिशपेपरने घासायचा. चिकटद्रव्य गोंदासारखे वागत नाही. ते प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवते आणि दोन भाग एकमेकांत मिसळून जणू वेल्डिंग होते. म्हणून ते थेंबभरच पुरते, आणि बोटाला लागले तर तुमचा ठसा रणगाड्यावर कायमचा उमटतो. जुन्या हातांची सर्वात मोठी चूक घाईची. चाकांना रंग द्यायच्या आधीच ती बसवली, की मागच्या बाजूला ब्रश पोचत नाही. रंग पातळ थरांत द्यावा, एक थर वाळल्यावर दुसरा. शेवटी पातळ गडद रंग खाचाखोचांत सोडला आणि वरचा पुसून घेतला, की मघाचे खेळणे एकदम लोखंडाचे दिसू लागते. या टप्प्याला पोचलेला माणूस सहसा छंद सोडत नाही.

वाचायला चष्मा लागतो तो इथेही लागणारच. भिंगाचा दिवा घ्यावा, डोळ्यांना ताण देऊ नये. त्याहून महत्त्वाची गोष्ट हवेची. विद्राव्याचा वास आणि फवाऱ्याचा धूर बंद फ्लॅटमध्ये साठतो. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग घ्यावेत, फवारणी बाल्कनीत मास्क लावून करावी आणि बंगळुरूच्या पावसाळी संध्याकाळी ती टाळावी. ओलसर हवेत काही रंगांवर पांढुरकी झाक येते. घरात रांगते मूल असेल तर मात्र कुलूपबंद पेटीशिवाय या छंदाला सुरुवातच करू नये. चाकूचे पाते आणि मिरीएवढे भाग दोन्ही त्याच्या तोंडाच्या उंचीवर असतात.

आता प्रश्न, कोणता रणगाडा करायचा? दुकानात सर्वात देखणा खोका जर्मन टायगरचा असतो आणि बहुतेकांचा हात तिकडेच जातो. यात गुन्हा नाही. पण मुलगी विचारेल, ‘‘बाबा, यात बसलेले लोक चांगले होते का?’’ तर उत्तर तयार हवे. टायगरचे पोलाद बारकाईने रंगवायचे आणि ते कोणासाठी लढत होते हे सांगायचे नाही, हा अर्धवटपणा झाला.

त्यापेक्षा आपल्या घरच्या गोष्टी पुष्कळ आहेत. बंगळुरूतच हलसूरला मद्रास सॅपर्सचे केंद्र आहे. १९४८ साली याच सॅपर्सनी सोनमर्गहून झोजिला खिंडीकडे जाणारी खेचरांची वाट रुंद केली. त्या वाटेने ७ कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे साडेअकरा हजार फुटांवर चढले. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून त्यांचे तोफेचे घुमट काढून ते झाकून आणले होते. १ नोव्हेंबर १९४८ रोजी ते खिंडीत अवतरले आणि समोरच्या मोर्चांचे धैर्यच खचले. स्टुअर्ट लहानखुरा, भाग कमी. परतणाऱ्या हाताला तो फार सोयीचा.

शर्मन करायचा असेल तर १९६५ चा असल उत्तर. तिथे डेक्कन हॉर्सचे नेतृत्व अरुणकुमार वैद्य करत होते, हेच पुढे लष्करप्रमुख झालेले जनरल वैद्य. दुसऱ्या महायुद्धातले त्यांचे शर्मन उसाच्या फडांत दबा धरून बसले, आणि नवे कोरे पॅटन पाणी सोडलेल्या शेतांत रुतले. वैद्यांना महावीरचक्र मिळाले, १९७१ मध्ये दुसऱ्यांदा मिळाले. चिखल आणि ऊस यांचा देखावा करायला कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला कोणी शिकवायला नको.

आणि सेंच्युरियन. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या रणगाड्यात होते त्याचे नाव फामागुस्टा. जन्म पुण्याचा, वय एकवीस. रणगाडा पेटला असतानाही त्यांनी तो सोडला नाही. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. त्यांचा रणगाडा अहमदनगरच्या, म्हणजे आता अहिल्यानगरच्या, आर्मर्ड कोअर केंद्रात जपून ठेवला आहे. त्याच गावात १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. दिवाळीत गावी जाताना वाट वाकडी करून मुलांना तिथे न्यावे. रणगाड्यापुढे उभे राहिल्यावर त्याचे झाकण किती अरुंद असते ते कळते. आत चार माणसे बसत आणि आग लागली, की तेवढ्याच वाटेने बाहेर पडावे लागे. हे पाहून आलेला माणूस मॉडेलवर काजळी रंगवताना जरा थांबतो. थांबायलाच हवे.

आता पुन्हा त्या टेबलाकडे. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये नवऱ्याच्या छंदाला जागा, दिवा, पैसा आणि शांतता मिळते. पत्नीची हार्मोनियम मात्र कपाटावर धूळ खात असते, कारण ‘‘तुला वेळ कुठे आहे?’’ एकाने रणगाडा जोडायचा आणि दुसरीने त्याच वेळी पोळ्या लाटायच्या, तर या छंदाची खरी किंमत तीच मोजते. हेब्बाळसारख्या ठिकाणी दोघेही नोकरी करतात, दोघांचेही तास वाहतुकीत जातात. म्हणून खोका उघडायच्या आधी दोघांनी बसून संध्याकाळी वाटून घ्याव्यात. आठवड्यातल्या दोन त्याच्या, दोन तिच्या, आणि तिच्या संध्याकाळी स्वयंपाक त्याचा. पैशाचेही तसेच. पहिला संच पुरा झाल्याशिवाय दुसरा मागवायचा नाही, हा नियम तिच्या देखत मान्य करावा. जगभरचे छंदिष्ट संच जोडतात त्याहून जास्त साठवतात, ही त्यांनीच हसत हसत दिलेली कबुली आहे. टेबल जेवणाचे असेल तर एक मोठी फळी आणावी, सगळा पसारा तिच्यावर आणि जेवायच्या वेळी फळी उचलून पलंगाखाली.

मुलांना कसे सामील करायचे, याचे उत्तर मराठी घराला नवे नाही. दिवाळीचा किल्ला आहेच. चिखल, विटा, गोणपाट, वर पेरलेले अळीव आणि मावळे, हे सारे करणाऱ्या मुलाला देखावा म्हणजे काय ते समजावावे लागत नाही. बाबांनी रणगाडा करावा, मुलांनी त्याची जमीन. बाल्कनीतल्या कुंडीची माती चाळून, गोंदात कालवून फळीच्या तुकड्यावर थापली, की दोन दिवसांत झोजिलाची वाट तयार होते. बर्फासाठी कापूस वापरू नये, तो कापसासारखाच दिसतो. खाण्याचा सोडा पांढऱ्या रंगात कालवून ब्रशने टेकवावा. आजीने समईच्या वातीसाठी पिंजलेला कापूस तिच्यासाठी राहू द्यावा.